मागून बसणारी गाडी अन् साबणाचं पाणी

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी पुरवणीत जुन्या फॉरेनच्या गाड्या आता स्वस्तात मिळतात म्हणून लेख आला होता, वाचला, चांगला होता, पण मागच्या एअर सस्पेन्शनबद्दल, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर गाडी तोलतात त्याबद्दल, त्यात एक ओळ नाही म्हणून लिहायला बसलो. माझ्याकडे तशीच एक आहे, मुंबईहून सेकंडहँड आणलेली इस्टेट, म्हणजे छत थेट मागेपर्यंत गेलेली लांब डिकीची गाडी. १९९२ ला टाटा इस्टेट आली होती ती आठवा, तसलं अंग. भुसावळात अजून लोक विचारतात, भाऊ ही ॲम्ब्युलन्स आहे का.

हिला पुढे साधी स्प्रिंग आहे अन् मागे दोन्ही बाजूला रबराचे बेलो, त्यात हवा. डिकीत कधी काहीच नसतं तर कधी भरताच्या वांग्यांची चार पोती, म्हणून कंप्रेसर हवा भरतो, व्हॉल्व्ह सोडतो अन् मागची उंची तेवढीच ठेवतो. नाहीतर माल टाकला की नाक वर अन् हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यात.

तर झालं असं की गाडी रात्री नीट उभी अन् सकाळी मागून डावीकडे बसलेली. स्टार्ट केली की घर्र घर्र करत उठायची. मोठ्या शहरातल्या वर्कशॉपला नेली, त्यांनी स्कॅनर लावला, कोड आला की ठरलेल्या वेळेत प्रेशर बनत नाही, झालं, कंप्रेसर गेला म्हणे. ४८ हजार घेतले. अडीच महिन्यात गाडी परत डावीकडे बसली.

शेवटी जळगावला हायवेजवळ बसचे बेलो बदलणारे एक चाचा आहेत त्यांच्याकडे गेलो. एसी बसलाही हेच असतं, फक्त मोठं. त्यांनी स्कॅनर-बिनर काही नाही, बादलीत साबणाचा फेस केला, गाडी पूर्ण वर उचलायला लावली, खाली स्टँड ठोकले अन् ब्रशने डाव्या बेलोच्या खालच्या घडीवर फेस लावला. बारीक बारीक बुडबुडे! रबर घडी पडते तिथेच चिरतं, त्यात आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा अन् घडीत धूळ बसलेली, गाडी खाली असली की ती चीर दिसतच नाही. चाचा म्हणे, "भाऊ, पंक्चर न काढता पंप बदलला तर टायर फुगीन का?"

साधी गोष्ट आहे हो. हवा गळत राहिली की कंप्रेसरला जास्त वेळ चालावं लागतं, तो तापतो, तापला की स्वतःच बंद पडतो अन् कोड त्याच्याच नावाने येतो. म्हणजे चोर बेलो अन् मार कंप्रेसरला. गळती तशीच ठेवून नवा कंप्रेसर बसवला तर तोही जळणारच. कधी रिलेचा, म्हणजे कंप्रेसर चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचचा, पॉइंट चिकटतो अन् कंप्रेसर थांबतच नाही, तेव्हा कंप्रेसरसोबत रिलेही बदलायला हवा.

वाचकांनी निदान एवढं घरी करावं. संध्याकाळी सपाट फरशीवर गाडी लावून चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा, दोन्ही बाजू, वहीत लिहा. सकाळी दार न उघडता परत मोजा. एकच बाजू उतरली तर त्या बाजूचा बेलो, पाइप नाहीतर त्याचा जोड. दोन्ही उतरल्या तर व्हॉल्व्ह ब्लॉकवर, म्हणजे दोन्ही बेलोंना हवा वाटणाऱ्या भागावर, संशय. पण इथे एक गोम आहे, काही गाड्या बंद असतानाही रात्री मधूनच जाग्या होतात अन् लेव्हल करायला चांगल्या बाजूची हवा सोडून देतात, मग दोन्ही बसलेल्या दिसतात अन् माणूस फसतो. म्हणून त्या रात्री सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवा. रात्रभर बसलीच नाही पण माल टाकल्यावर उठत नसेल तर मग फ्यूज, रिले, कंप्रेसर बघा. अन् एकीकडे उगाच जास्त वर राहत असेल तर हाइट सेन्सरची, म्हणजे गाडीची उंची मोजणाऱ्या यंत्राची, दांडी निसटली का ते आधी पाहा, सगळ्यात स्वस्त काम तेच असतं. फक्त नुसत्या जॅकवर डोकं खाली घालू नका, हवा गेली की गाडी क्षणात खाली येते. अन् बसलेली गाडी तशीच पळवू नका, रिकामा बेलो चेपून फाटतो.

काही जण म्हणतात बेलो काढून साधी स्प्रिंग टाका, कटकट मिटली. मला नाही पटत, मग ती गाडी घेतलीच कशाला.

माझं मागणं एवढंच की वर्कशॉपवाल्यांनी पार्ट बदलायच्या आधी गळती कुठे शोधली, उंची किती भरली हे बिलावर लिहून द्यावं अन् काढलेला पार्ट गिऱ्हाइकाला परत द्यावा. मी माझा जुना कंप्रेसर हट्टाने मागून घेतला होता. काल १२ व्होल्टच्या बॅटरीला लावून पाहिला, मस्त चालतो.

आपला,
एक वाचक, भुसावळ