अनुदान मंजूर झाले, पण…

फोंडा, गोवा

प्रिय मित्रा,

चवथीला तुझा फोन आला तेव्हा गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायची आहे असे सांगून मी तो लवकर ठेवला, आणि त्याआधीचे आठ महिने तर काही न सांगताच गप्प राहिलो. त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. आईचे गुडघे दुखतात, बाकी घरी सगळे ठीक. आज लिहायला बसलो, कारण हे तुझ्याशिवाय कोणाला सांगावे ते सुचत नाही.

आपल्या रोमन लिपीतल्या जुन्या मराठी पोथीला अनुदान मंजूर झाले. भाषांतर आणि छपाई यांचा खर्च मिळणार, लिप्यंतराचा आणि प्रती ताडून पाहण्याचा नाही. मुदत अठरा महिने. शिवाय सामान्य वाचकाच्या सोयीसाठी पाठभेदांच्या, म्हणजे प्रतीप्रतींतले फरक नोंदवणाऱ्या, तळटीपा गाळाव्यात, अशी तज्ज्ञ समितीची सूचना. पहिल्या हप्त्याचे विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, दिल्यावर दुसरा हप्ता. त्याला माझी हरकत नाही, पैसा लोकांचा आहे. पण पाठच ठरलेला नसताना भाषांतर कशाचे करायचे?

तुला ती मायक्रोफिल्म आठवत असेल. रोमन लिपीत एक ‘एल’ म्हणजे ल आणि दोन म्हणजे ळ, हे तूच मला शिकवलेस. आणि नेमके त्या अक्षरापाशीच कसरीने कागद खाल्लेला. ‘काल’ की ‘काळ’, यावर आपला सबंध शनिवार गेला, संध्याकाळी दुसऱ्या प्रतीत दोन ‘एल’ स्वच्छ दिसले आणि त्या ओवीत मृत्यू उभा राहिला. तो शनिवार अंदाजपत्रकाच्या कोणत्या रकान्यात लिहू?

फादर स्टीफन्सचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापले गेले, पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही; त्या तिन्ही छापांची एकही प्रत आज हाती नाही, हस्तलिखितांनीच ते राखले. आपल्या पोथीला तर छापाचेही भाग्य नाही, मग प्रतींमधला फरक पुसून कसे चालेल? पुण्याच्या भांडारकर संस्थेचे, अनेक प्रती ताडून सिद्ध केलेले महाभारत औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या लाख रुपयांच्या वचनाच्या आधारावर १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. त्याचे प्रमुख संपादक सुकथनकर १९४३ मध्येच गेले. तेवढा काळ मी मागत नाही, तीन वर्षे मागतो आहे.

परदेशात पाहा, असे तू म्हणालास. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानव्यविद्या निधीने अशा प्रती ताडून केलेल्या चिकित्सित आवृत्त्या व भाषांतरे यांसाठी स्वतंत्र योजना चालवली, पण ती तिथल्या संस्थांसाठी. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये त्या निधीने चालू कामांचीही शेकडो अनुदाने रद्द केली.

शुद्धलेखन आजचे करावे यावरून म्हार्दोळच्या जत्रेत तू माझ्याशी भांडलास आणि खाजे न घेताच निघून गेलास. तुझ्या वाटचा पुडा माझ्याकडे उधार आहे. तुझे अर्धे म्हणणे मला आता पटले आहे. डाव्या पानावर मूळ ओवी, तिचे जुने लेखन आणि खाली पाठभेद. उजव्या पानावर आजची मराठी. पहिले पाच अध्याय असे करून दाखवतो, मग बाकीचे ठरवा, असे समितीला कळवणार आहे. नाही म्हणाले तर पैसे परत करीन.

लेकीची परीक्षा कशी झाली? वहिनींची बदली रद्द झाली का? सविस्तर लिही.

सोमवारी उत्तर टपालात टाकायचे आहे. मसुदा सोबत जोडला आहे, कठोरपणे वाच. आणि तुझ्याकडची ती निळी वही, जिच्यात आपण दोन्ही प्रतींतले ल आणि ळ समोरासमोर लिहिले होते, ती कुरियरने पाठव.

तुझा मित्र