गळाला लागलेला चिलखती मासा

संपादक साहेब, नमस्कार.

परवा राजाराम बंधाऱ्यावर गळाला एक काळपट, ठिपकेवाला मासा लागला, बघ्यांत कुणी मगरीचं पिल्लू म्हणालं कुणी शिंगाळा, पण शिंगाळ्याचं अंग गुळगुळीत असतंय आणि ह्याच्या अंगावर तर हाडांच्या खरखरीत पट्ट्या, तोंड खालच्या बाजूला वाटोळं, पाठीवर शिडासारखा उभा पंख. हा सकर मासा, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. मासे पाळायच्या काचेच्या टाकीतलं शेवाळ खातोय म्हणून लोक हौसेनं आणतात आणि मोठा झाला की नदीत सोडतात (वर पुण्य लागतंय म्हणे!). हा काठाला बिळं पाडतो, जाळी फाडतो, पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरतो. सापडला तर परत पाण्यात टाकू नका, आणि मत्स्य खात्यानं बंधाऱ्यावर ह्याच्या फोटोचा एक बोर्ड तरी लावावा की राव.

– एक गळवाला, कसबा बावडा, कोल्हापूर