गाजरगवत फुलायच्या आत उपटा, शिमग्याची वाट बघू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

यंदा उन्हाळ्यात आम्ही शाहूनगरात एक जुनं बैठं घर घेतलं. बरीच वर्षं कुलूपबंद असल्यामुळे परसात डोक्यावर जाईल एवढी घाणेरी आणि पुढे फाटकापर्यंत गाजरगवत. जो येईल तो सांगायचा, 'जेसीबी फिरवा, तासाभरात मोकळं होईल.' नाहीतर, 'शिमग्यापर्यंत थांबा, वाळलं की काडी लावा.' या दोन्ही सल्ल्यांविरुद्ध मला कळकळीने लिहायचं आहे. आमच्या भागात जागा भराभर विकल्या जाताहेत आणि नवीन येणारे हेच करताहेत.

आपण अजिंक्यताऱ्याच्या उतारावर राहतो. उन्हाळ्याच्या तोंडावर प्लॉटमध्ये लावलेली आग कुंपणाशी थांबत नाही, वाळल्या गवतातून वर चढते. डोंगराला वणवा लागतो, पावसाळ्यात लोकांनी हौसेने लावलेली रोपं जळतात, टिटवीची अंडी जळतात. जेसीबीचं नुकसान डोळ्यांना दिसत नाही एवढंच. वरची वीतभर चांगली माती खरवडून निघते, उरलेली पहिल्या मोठ्या पावसात गटारात जाते आणि त्या उघड्या जमिनीवर सगळ्यात आधी उगवतं ते पुन्हा गाजरगवतच.

गाजरगवत काढायचे दिवस हेच, जुलै-ऑगस्टचे. जमीन ओली असते, रोप मुळासकट हातात येतं. विळ्याने कापू नये. बुंध्याला चार फांद्या फुटतात आणि ते आणखी खाली फुलतं. उगवल्यापासून महिन्याभरात फुलावर येतं आणि एकेक झाड दहा-पंधरा हजार बी सहज टाकतं, म्हणून पांढरी फुलं दिसायच्या आत हात घालायला हवा. फुलायच्या आधीचं खड्ड्यात शेणकाल्याबरोबर कुजवलं की उत्तम खत होतं. फुललेलं मात्र खतात घालू नका, बी जगून राहतं. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि नाकाला रुमाल हवाच. अंगाला खाज सुटते, दमेकऱ्यांना तर फार त्रास होतो. कामाला बायका लावल्या तर त्यांनाही हातमोजे द्या. मजुरी दिली म्हणजे आपली जबाबदारी संपली असं नाही.

पानांची चाळण झालेली दिसली तर तिथे औषध मारू नका. पांढुरक्या पाठीवर काळपट रेघा असलेला मेक्सिकन भुंगा तिथे काम करत असतो. 1984 मध्ये तो आपल्या देशात मुद्दाम सोडला, गाजरगवत खाण्यासाठीच.

घाणेरीचं तंत्र वेगळं. वरून छाटली की दुप्पट फुटते. कुदळीने माती सारून बुंध्याखाली मूळ तोडायचं आणि खोड उलटं करून वाळू द्यायचं. त्याआधी आत बुलबुलाचं घरटं नाही ना, ते बघावं. साफसफाई घराकडून डोंगराकडे करत जावी, काठी आपटत, पायात गमबूट घालून, म्हणजे धामण असो वा घोणस, तिला निघून जायला वाट राहते. साप दिसला तर मारू नका, वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.

आमच्या घाणेरीखाली काय निघालं ते सांगते. एक दगडी डोण, कढीपत्त्याची तीन रोपं आणि एक खंगलेलं लिंबाचं झाड. त्याच्या पानांवर पक्ष्यांच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या होत्या. आठवड्याभरात त्या हिरव्यागार झाल्या. ब्लू मॉरमॉन, म्हणजे आपल्या राज्याचं फुलपाखरू, लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढतं. या अळ्या त्याच्या की त्याच्या भाऊबंदाच्या, हे कळायचं आहे, पण जेसीबी आला असता तर लिंबूही गेलं असतं आणि त्याही गेल्या असत्या. माझ्या सासूबाई मेढ्याच्या. त्यांनी कुंपणाकडेचा टाकळा उपटू दिला नाही. भाजी तर होतेच, शिवाय टाकळा दाट माजला की गाजरगवताला तिथे जागा उरत नाही. कृषी खात्याची माणसंही हेच सांगतात.

एकट्याच्या अंगणाने मात्र हे आटोक्यात येणार नाही. शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधलं बी वाऱ्यावर आणि गाड्यांच्या चाकांच्या चिखलातून येतच राहतं. हद्दवाढीनंतर आमचा भाग नगरपालिकेत आला आहे. नगरपालिकेला विनंती, की रिकाम्या प्लॉटच्या मालकांना दर जुलैत स्वच्छतेची नोटीस द्यावी आणि बागेचा ओला पालापाचोळा उचलायला पावसाळ्यात आठवड्यातून एक वेगळी गाडी पाठवावी. गाडी येते म्हटल्यावर काडी लावायला फारसं कुणी धजणार नाही. 16 ते 22 ऑगस्ट हा देशभर गाजरगवत जागृती सप्ताह म्हणून पाळतात. त्या आठवड्यात आमच्या गल्लीतली आम्ही काही घरं पाण्याच्या टाकीकडचा रस्ता साफ करणार आहोत. जास्तीची खुरपी आणि हातमोजे आमच्याकडे आहेत, शाहूनगरातल्या कुणीही यावं.

आपली,
एक वाचक, शाहूनगर, सातारा