नाव न सुचवल्याबद्दल आभार

आदरणीय ताई,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

हे पत्र एकट्या तुम्हांलाच पाठवता आलं असतं. पण आज ना उद्या ज्या ज्या मिशनरी संघाचा पुढारी बदलणार आहे, तिथल्या भावाबहिणींच्याही हाती ते पडावं असं वाटलं, म्हणून उघड लिहितो आहे. तुमचं नाव कुठेही घालत नाही. ते तुम्हांला रुचणार नाही, हे ठाऊक आहे.

आमच्या संघाचा नवा संचालक निवडायला मदत करायला तुम्ही आलात, तेव्हा आमची अवस्था काय होती ते तुम्ही पाहिलंतच. दादांनी संचालकपद सोडत असल्याचं जाहीर केलं होतं. संघ त्यांनीच उभा केलेला. आमच्यापैकी बहुतेकांना पाचारणाची, म्हणजे देवाने या सेवेला बोलावल्याची, खात्री पटली ती त्यांच्या संदेशांतून. कित्येकांची लग्नं त्यांनी लावली, आमच्या मुलांची समर्पणं त्यांच्याच हातून झाली. त्यांच्यानंतर कोण, हा प्रश्न उघड विचारायला सगळेच कचरत होते आणि आडून मात्र त्याखेरीज दुसरा विषय नव्हता. प्रार्थनासभाही त्यातून सुटल्या नव्हत्या. ‘प्रभू, नव्या पिढीचं ओझं असलेला सेवक दे,’ अशी एकाची प्रार्थना झाली की पलीकडून ‘प्रभू, हे काम अनुभवी हातांत राहू दे,’ अशी दुसऱ्याची येई. डोळे मिटलेले असत, हात जोडलेले असत, पण बोलणं देवाशी कमी आणि एकमेकांशी जास्त चाललेलं असे.

तुम्हांला बोलावण्यामागे कार्यकारी मंडळाची अपेक्षा साधी होती. बाहेरच्या, सगळ्यांना आदर वाटेल अशा व्यक्तीने एक नाव सुचवावं आणि आम्ही ते मान्य करावं. पहिल्याच बैठकीत तुम्ही म्हणालात, “मी नाव सुचवणार नाही. खाजगीतही नाही. कोणी विचारू नका.” काहींचा हिरमोड झाला, एकदोघे रागावलेही. मग हिला बोलावलं कशाला, असं कानावर आलं. आज वाटतं, तुम्ही आमच्यासाठी जे जे केलंत त्यात हा नकार सगळ्यांत मोलाचा होता. तुम्ही नाव दिलं असतंत, तर आम्ही तुमचं ऐकलं असतं आणि देवाचं ऐकल्याचं समाधान मानून मोकळे झालो असतो.

नावाऐवजी तुम्ही आमच्यापुढे बायबलमधल्या गणना या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय ठेवलात. मोशेला कळतं की वचनदत्त देशात आपल्याला पाऊल टाकता येणार नाही. त्यावर तो स्वतःसाठी काही मागत नाही. मेंढपाळावाचून मेंढरं होतात तशी ही मंडळी होऊ नये, एवढंच मागतो. “त्याला मुलगे होते,” तुम्ही सहज म्हणालात, “पण त्यांची नावं तो पुढे करत नाही.” आणि मग विचारलंत: मोशेने आधी काय मागितलं, माणूस की मेंढरांची काळजी? पुढचे कितीतरी दिवस आम्ही ‘कोण’ हा शब्द उच्चारायचा नाही, असं ठरलं. या संघाकडून देवाला आज काय हवं आहे, कोणती सेवाक्षेत्रं त्याची आहेत आणि कोणती आपण केवळ सवयीने धरून ठेवली आहेत, तरुण मिशनरी का थकतात, देणगीदारांना पाठवलेल्या अहवालांत आपण काय लपवतो, हे सगळं त्यात निघालं. ते दिवस सोपे नव्हते. पण दादांच्या हयातीत, त्यांच्या समोर, त्यांच्याविषयीच्या प्रेमाला धक्का न लावता हे बोलता येतं, हे आम्हांला पहिल्यांदाच दिसलं.

वचनांचा प्रसंग मी जन्मभर विसरणार नाही. आपल्याला वचन मिळालं आहे, म्हणजे बायबलच्या एका ओळीतून देवाने नाव दाखवलं आहे, असं एका भावाने सांगितलं आणि यशयातलं एक वचन मोठ्याने वाचून दाखवलं. लगेच एका भगिनीने स्तोत्रांतलं दुसरं वाचलं. दोघांचा रोख वेगवेगळ्या माणसांकडे होता आणि खोलीत ते सगळ्यांना कळत होतं. तुम्ही त्यांना थांबवलं नाहीत. दोघांचं वाचून होऊ दिलंत आणि मग शांतपणे विचारलंत, “हेच वचन तुमच्या मनाविरुद्धच्या माणसाकडे बोट दाखवत असतं, तर तुम्ही ते इतक्याच आनंदाने वाचलं असतं का?” कोणालाही उत्तर द्यायला लावलं नाहीत. त्या संध्याकाळी प्रत्येकाने एकट्याने बसून एवढीच प्रार्थना करायची होती: जे नाव मला नको आहे ते तू दिलंस, तर तेही मी घेईन, इतकं मोकळं मन मला दे. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, कोणाला ती प्रार्थना मनापासून करता आली? फार थोडे हात वर झाले. “मग अजून वेळ झालेली नाही,” असं म्हणून तुम्ही निवडीची तारीख पुढे ढकललीत. मंडळातल्या काहींना ती दिरंगाई वाटली. मला तर वाटतं, देवाची इच्छा शोधण्याच्या कामात याहून प्रामाणिक तारीख कोणी ठरवली नसेल.

1539 साली रोममध्ये, जेझुइट संघ स्थापणारे इग्नेशियस लोयोला आणि त्यांच्या सोबत्यांनी काय केलं, ते तुम्ही सांगितलंत, तेव्हा काहींना कॅथलिक परंपरेतला दाखला परका वाटला. पण ऐकता ऐकता तो आमचाच झाला. आपल्यातल्याच एकाच्या आज्ञेत राहायचं की नाही, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. दिवसभर ते सेवा करत आणि रात्री एकत्र बसत. प्रत्येकाने आधी स्वतः प्रार्थना करायची, दुसऱ्याचं मन वळवायला जायचं नाही, आणि आपण या मंडळातले नाहीच अशा तटस्थपणे विचार करायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. एके दिवशी प्रत्येकाने फक्त विरुद्ध बाजूची कारणं मांडायची, दुसऱ्या दिवशी फक्त बाजूची. पुढे 1541 मध्ये सोबत्यांनी प्रमुख म्हणून इग्नेशियसलाच निवडलं, तेव्हा त्यांनी ते स्वीकारलं नाही. पुन्हा प्रार्थना करून पुन्हा निवडा म्हणाले. निकाल तोच आला. तरीही आपल्या पापांगीकार ऐकणाऱ्या धर्मगुरूचा सल्ला घेतल्यावरच त्यांनी होकार दिला.

आम्ही ती रीत जशीच्या तशी उचलली. एखाद्या भावाच्या बाजूने तावातावाने बोलणाऱ्याला त्याच भावाच्या विरुद्ध जाणारी कारणं स्वतःच्या तोंडाने मांडावी लागली. एक वयस्क भाऊ, ज्यांचा आवाज बैठकीत नेहमी सगळ्यांत वर असतो, बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, “हे खरं आहे, मला आत्ता दिसलं.” एवढंच. पण त्यानंतर त्या खोलीतली हवाच बदलली.

मग तो धक्का बसला. दादांचा उजवा हात असलेला भाऊ, ज्याच्याकडे सगळेच वारस म्हणून पाहत होते, उभा राहिला आणि आपल्याला हे पाचारण नाही, असं त्याने सांगितलं. आम्ही हवालदिल झालो. त्या रात्री तुम्ही उपदेश केला नाहीत, फक्त दोन हकीकती सांगितल्यात. चायना इनलँड मिशनचे संस्थापक हडसन टेलर यांच्या मनात आपल्यामागे विल्यम कूपर यांचं नाव होतं. 1900 साली चीनमध्ये परकीयांविरुद्ध झालेल्या बॉक्सर बंडात कूपर मारले गेले. मग जबाबदारी आली ती डी. ई. होस्ट यांच्यावर, आणि त्यांनी ती 1935 पर्यंत वाहिली. दुसरी हकीकत पंडिता रमाबाईंची. मुक्ती मिशनचं काम पुढे नेण्यासाठी त्यांनी आपल्या मुलीला, मनोरमाला, तयार केलं होतं. 1921 मध्ये मनोरमा गेली आणि वर्षही पुरं झालं नाही तोच, एप्रिल 1922 मध्ये, रमाबाई गेल्या. मुक्ती मिशन मात्र थांबलं नाही. “तुमचा भाऊ तर जिवंत आहे,” तुम्ही म्हणालात, “आणि त्याने खरं सांगितलं आहे. त्याचे आभार माना.” आम्ही मानले. त्याला मिठी मारून रडणाऱ्यांत दादा पहिले होते.

पुढारीच नको, सगळे मिळून चालवू, अशीही एक सूचना त्या दिवसांत आली. ती तुम्ही उडवून लावली नाहीत. 1741 साली लंडनमध्ये मोरेव्हियन बंधूंवर, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या एका मंडळीवर, असाच प्रसंग आला होता, हे सांगितलंत. त्यांचे मुख्य वडील, म्हणजे मंडळीचे प्रमुख पुढारी, लिओनार्ड डोबर पद सोडत होते. हे तेच डोबर, जे 1732 मध्ये त्यांच्या पहिल्या दोन मिशनऱ्यांपैकी एक म्हणून निघाले होते. त्यांच्या जागी योग्य माणूस सापडेना, तेव्हा हे पद प्रभू येशूचंच आहे असं बंधूंनी एकमुखाने मानलं. ऐकताना आमच्या अंगावर काटा आला. पण तुम्ही तिथेच थांबला नाहीत. त्यानंतरही रोजचा कारभार माणसांनाच पाहावा लागला, पत्रं लिहावी लागली, कर्जं फेडावी लागली, हेही सांगितलंत. प्रभू मस्तक आहे म्हणून सह्या कोणी करायच्याच नाहीत असं होत नाही, हे तुमचं वाक्य आता आमच्या कार्यालयात सगळ्यांच्या तोंडी आहे.

दादांसाठी तुम्ही जे केलंत त्याबद्दल वेगळे आभार मानायला हवेत, आणि काकूंच्या वतीने तर फारच. निवडीच्या गडबडीत जाणाऱ्या माणसाकडे कोणी लक्ष देत नाही. निरोपसमारंभ, शाल, भाषणं, एवढ्यावर भागतं. तुम्ही त्यांच्या घरी जाऊन बसत होतात. काय बोलणं झालं ते आम्हांला कळलं नाही, कळायचं कारणही नाही. दिसलं ते इतकंच: एके सकाळी दादा कपाटाच्या किल्ल्या, देणगीदारांची जुनी पत्रं आणि स्वतःच्या हाताने लिहिलेली सेवाक्षेत्रांची वही घेऊन कार्यालयात आले आणि सगळं टेबलावर मांडून ठेवलं. त्या वहीत प्रत्येक मिशनरीच्या मुलांची नावं होती, कोणासाठी काय प्रार्थना करायची ते होतं, काही नावांपुढे पेनाने काढलेल्या खुणा होत्या. एकेक पान उलटून ते समजावून सांगत होते. शेवटी त्यांनी असिसीच्या फ्रान्सिसची आठवण काढली. 1220 साली फ्रान्सिसने आपल्या बंधुसंघाची धुरा पिएत्रो कत्तानी यांच्याकडे सोपवली आणि सगळ्यांसमक्ष त्यांच्या आज्ञेत राहण्याचं वचन दिलं. “मलाही तसंच करायचं आहे,” दादा म्हणाले. ही हकीकत त्यांना कोणी सांगितली असेल, ते आम्ही ओळखलं.

निवड झाली ती एकमताने. तीत चकित होण्यासारखं काही नव्हतं; ज्या भगिनीचं नाव आलं ते पूर्वीही अनेकांच्या मनात होतं. देवाचं मार्गदर्शन म्हणजे काहीतरी अकल्पित घडलंच पाहिजे, असं समजणाऱ्यांना हे फिकं वाटेल. पण सुरुवातीच्याच आठवड्यात हेच नाव मतदानाने पुढे आलं असतं, तर अर्धा संघ हरला असता. आता तिच्यावर हात ठेवून प्रार्थना करणाऱ्यांत दुसऱ्या नावांसाठी आग्रह धरणारेही होते आणि त्यांचे हात ओझ्यासारखे पडले नाहीत.

शेवटच्या फेरीत दुसरं एक नाव होतं. ज्याचं होतं, त्या भावाबद्दल बोलायलाच हवं. निकालाआधी तुम्ही आम्हांला प्रेषितांच्या कृत्यांतला पहिला अध्याय वाचायला लावलात. यहूदाच्या जागी प्रेषित निवडायचा होता. मत्थिया आणि योसेफ बर्सबा, दोघेही योग्य, दोघेही सुरुवातीपासून प्रभूबरोबर असलेले. चिठ्ठी मत्थियाच्या नावाने निघाली. योसेफाविषयी पुढे एक ओळही नाही. “त्या रात्री योसेफाच्या घरी कोण गेलं असेल?” तुम्ही विचारलंत. माडीवरच्या खोलीतल्या त्या प्रार्थनेवर मी कितीतरी संदेश ऐकले आहेत, स्वतःही दिले आहेत, पण योसेफाच्या रात्रीचा विचार कोणी माझ्यापुढे ठेवला नव्हता. निकाल झाल्यावर सगळे नव्या संचालिकेभोवती जमले आणि तुम्ही मात्र त्या भावाबरोबर अंगणातून चालत राहिलात, बराच वेळ. नंतर नव्या संचालिकाही तिथे आल्या. आज तो भाऊ नव्या मिशनऱ्यांचं प्रशिक्षण पाहतो, मनापासून. ते तसं नसतं झालं तर आम्ही एक चांगला सेवक गमावला असता आणि नवी संचालिका पहिल्याच दिवसापासून अपराधी मनाने काम करत राहिली असती.

सगळं सुरळीत झालं आहे असं मी लिहिलं, तर ते तुम्हांला चालणार नाही. दोन कुटुंबं संघ सोडून गेली. त्यांच्याशी बोलणं चालू आहे. पौल आणि बर्णबा यांच्यातही तीव्र मतभेद झाला आणि त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, हे शास्त्र लपवत नाही, याचा आम्हांला आधार वाटतो. काही जुन्या देणगीदारांनी हात आखडता घेतला आहे. एक दूरचं सेवाक्षेत्र दुसऱ्या मिशनकडे सोपवायचं की नाही, हे येत्या वार्षिक सभेत ठरवायचं आहे. त्यासाठी संचालिकेने आतापासूनच उपासप्रार्थनेचे दिवस ठरवले आहेत. बाजूची आणि विरुद्ध कारणं वेगवेगळ्या दिवशी मांडायची, हेही त्यांनीच सांगितलं.

या सभेसाठी आणि त्या दोन कुटुंबांसाठी तुमच्या प्रार्थनेत जागा ठेवा. काकूंची तब्येत बरी आहे, तुमच्या पत्राची त्या वाट पाहतात. नवा पत्ता त्यांनी तुम्हांला कळवला आहेच.

प्रभूच्या सेवेत तुमचा ऋणी,
संघातला एक भाऊ