काढा घ्यावा की टिंक्चरचे थेंब? आधी बाटलीवर काय लिहिलंय ते बघा

मा. संपादक साहेब, नमस्कार,

थंडी पडायला लागली की नाशकात घरोघरी सर्दी-खोकला सुरू होतो आणि त्यापाठोपाठ सल्ले पण सुरू होतात. आमच्या पंचवटीत सध्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपमध्ये एकच चाललंय, काढा कशाला उकळत बसता, टिंक्चर घ्या, म्हणजे वनस्पतीचा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क, वीस थेंब कोमट पाण्यात टाकले की झालं काम. तपकिरी काचेच्या ड्रॉपरवाल्या बाटल्या प्रदर्शनातल्या स्टॉलवर मिळतात, ओळखीत मिळतात, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर दिली की घरपोच येतात, आणि कितीतरी बाटल्यांवर वनस्पतीचं नाव आणि 'इम्युनिटी' एवढंच लिहिलेलं असतं. ह्याची मला खरंच काळजी वाटते म्हणून हे पत्र.

टिंक्चर वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. काही वनस्पतींचा चीक, राळ पाण्यात विरघळतच नाही, त्याला अल्कोहोलच लागतं, वाफ घेताना आपण टिंक्चर बेंझोइन टाकतो ते त्यातलंच. परत ते लवकर खराब होत नाही, प्रवासात नेता येतं, आणि अंबड-सातपूरला नाईट शिफ्ट करून सकाळी घरी येणारा माणूस काढा कधी उकळणार हेही समजतं. पण घरातल्या साध्या सर्दीला, गॅसेसला, घसा धरला तर मी काढ्याच्याच बाजूने आहे, कारण काढ्यात काय पडलं ते आपल्या डोळ्यांना दिसतं.

गुळवेलीचंच बघा ना. 2021 साली मुंबईतल्या डॉक्टरांनी लिहिलं की गुळवेल घेतलेल्या काही पेशंटच्या लिव्हरला त्रास झाला, आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, त्यांचं म्हणणं वनस्पती नीट ओळखलीच नव्हती. कोण बरोबर ह्यात मी पडत नाही, पण गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल असते ही गोष्ट खरी आहे, तिच्या खोडावर पुळ्यांसारख्या खूप गाठी असतात. आपल्या गुळवेलीची वरची साल कागदासारखी पातळ सुटते, खाली हिरवं दिसतं, पानं हृदयाच्या आकाराची. कांडं हातात असेल तर जाणकाराला दाखवून विचारता येतं, बाटलीतल्या काळपट पाण्यात काय ओळखणार?

आता काढा सुद्धा नीट करायला हवा, तिथेच सगळा घोळ होतो. सगळं एकदम पातेल्यात टाकून अर्धा तास खळखळ उकळायचं आणि घरभर काय मस्त वास सुटला म्हणायचं, अहो तो वास म्हणजेच औषध उडून चाललंय! तुळस, गवती चहा, पुदिना ह्यांचा गुण उडून जाणाऱ्या तेलात असतो, म्हणून पाणी उकळलं की गॅस बंद करायचा, पानं टाकायची, वर झाकण ठेवायचं आणि दहा मिनिटांनी गाळायचं, आयुर्वेदात ह्याला फांट म्हणतात. बुधवारच्या बाजारातून गवती चहाची ताजी जुडी आणली असेल तर एवढंही पुरतं. सुंठ, ज्येष्ठमध, गुळवेल, सालं, मुळं ही कडक असतात, त्यांना मात्र मंद आचेवर वेळ द्यावा लागतो. शार्ङ्गधर संहितेत एक भाग भरडीला सोळा पट पाणी आणि ते आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं असं माप आहे, आपण घरी चार कपाचा एक कप करतो. आणि काढा रोजचा रोज करायचा, दोन-दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवलेला नको.

काढा घरचा आहे म्हणून कितीही घ्या असंही नाही. 2020 मध्ये आयुष मंत्रालयाने जो काढा सांगितला होता त्यात तुळस 4 भाग, दालचिनी 2, सुंठ 2 आणि मिरी फक्त 1 भाग होती, पण लोकांनी मिरी मुठीने टाकली आणि मग पोटात आग पडली म्हणून पित्ताच्या गोळ्या घेत बसले. ज्येष्ठमध रोज जास्त घेतला तर बीपी वाढतं, पोटॅशियम कमी होतं, घरातल्या बीपीवाल्या आजी-आजोबांना गोड लागतो म्हणून आठवडेच्या आठवडे देऊ नका.

अल्कोहोलचं पण सरळ सांगते. वीस थेंब म्हणजे जेमतेम एक मिली, अल्कोहोलचा थेंब लहान पडतो म्हणून त्याहूनही कमीच, ठणठणीत माणसाला तेवढ्याने काही होत नाही. उलट दशमूलारिष्ट, द्राक्षासव आपण बिनधास्त दोन-दोन झाकणं पितो, त्यात आंबवताना तयार झालेलं अल्कोहोल असतं, पाच-दहा टक्के धरलं तरी 20 मिलीत एक-दोन मिली होतं, म्हणजे थेंबांपेक्षा जास्तच, वर गूळ असतो तो डायबेटीसवाल्यांना नको. पण काही घरांत एक थेंब सुद्धा चालत नाही. व्यसनमुक्तीसाठी डायसल्फिरामची गोळी सुरू असलेल्या माणसाला थोड्याशा अल्कोहोलनेही उलट्या, धडधड, चेहरा लालबुंद असा जोरदार त्रास होऊ शकतो, आणि मोठ्या कष्टाने दारू सोडलेल्या माणसाच्या जिभेवर ती चव परत जाणं हेच केवढं धोक्याचं आहे. मेट्रोनिडाझोल हे जंतुसंसर्गावरचं औषध घेताना पण डॉक्टर अल्कोहोल टाळायला सांगतात. लहान मुलं, गरोदर बायका, लिव्हरचे पेशंट ह्यांना डॉक्टरला विचारल्याशिवाय थेंब देऊच नयेत. बाटलीवर अल्कोहोल किती टक्के ते लिहिलेलंच नसेल तर घरातल्या बाईने हे कसं ठरवायचं?

होमिओपॅथीच्या औषधांना नियम आहे, 12 टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर दुकानात 30 मिलीपेक्षा मोठी बाटली विकता येत नाही. मग स्टॉलवर 100 मिलीची बिनलेबलची बाटली कशी काय चालते? अन्न व औषध प्रशासनाने ह्या विक्रीची तपासणी करावी. वनस्पतीचं पूर्ण नाव, कोणता भाग वापरला, अल्कोहोल किती टक्के, तारीख आणि लायसन्स नंबर, ह्यातलं एक जरी नसलं तरी बाटली परत करा असं मी माझ्या ओळखीतल्या सगळ्यांना सांगते.

आणि तुम्हाला एक विनंती, पुरवणीत हिवाळाभर दर आठवड्याला अर्ध्या पानाची जागा ह्या विषयाला द्या. आपल्या गणेशवाडीतच आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथल्या वैद्यांकडून एकेका वनस्पतीची माहिती लिहून घ्या, काढा करायचा की फांट, किती घ्यायचा, कोणी घ्यायचा नाही, आणि सोबत पान, खोड, साल ह्यांचे मोठे रंगीत फोटो छापा, सुरुवात गुळवेलीपासून केली तर फार बरं होईल.

आपली नियमित वाचक,
पंचवटी, नाशिक