चिऊ, सीएसआरच्या कामाला लागण्याआधी एवढं वाच

प्रिय चिऊ,

तुला कंपनीने सीएसआर टीममध्ये, म्हणजे नफ्यातला वाटा समाजाच्या कामाला लावणाऱ्या टीममध्ये, घेतलं हे ऐकून आईने लगेच देवापुढे साखर ठेवली. फोनवर सगळं नीट बोलता येत नाही म्हणून लिहितोय.

कायदा तुला माहितीच आहे, 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135, मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान 2 टक्के अशा कामावर खर्च करायचे. पण गावात तो पैसा येतो कसा ते मी मास्तर म्हणून जवळून बघितलंय. आमच्या शाळेत एका कंपनीने पाण्याचं फिल्टर मशीन दिलं, मार्च महिना होता, नारळ फुटला, फोटो झाले, कंपनीच्या नावाचा बोर्ड लागला आणि नंतर फिल्टर बदलायचे पैसे कोणाकडेच नव्हते, शाळेकडे नाही, ग्रामपंचायतीकडे नाही. मशीन बंद, पोरं परत घरून बाटल्या आणायला लागली. फार वाईट वाटायचं गं.

आणि मार्चएंडची ही घाई करायची खरं तर गरजच नाही! ऑनगोइंग प्रोजेक्ट, म्हणजे एका वर्षात न संपणारं काम, म्हणून घेतलं तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षं चालवता येतं, उरलेले पैसे 31 मार्चनंतर 30 दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायचे आणि त्याच कामावर खर्च करायचे. तुझ्या साहेबांना हे आवर्जून दाखव. प्रस्तावातच देखभालीची रक्कम धर आणि चार वर्षांनी ते कोण बघणार हे ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठरवून घे.

आपल्या किर्लोस्करवाडीचं बघ ना. 1910 मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली, निवडुंगाचं माळरान नुसतं, तिथे लक्ष्मणराव किर्लोस्कर कारखाना घेऊन आले आणि स्वतः तिथेच राहिले. तेव्हा 2 टक्क्यांचा कायदा कुठे होता? पण गावात मालकच राहतो म्हटल्यावर पाणी, शाळा, रस्ता हे सगळं त्याच्याही घरचं होतं. आता कंपनीचं ऑफिस पुण्यात आणि काम कुठेतरी लांब नंदुरबारमधल्या धडगावला, म्हणून मला वाटतं तिथे राहणारं माणूस पगारावर ठेवायला पाहिजे, भले मग मशीन एक कमी द्या.

अजून एक, तुमच्या प्लांटचं सांडपाणी कुठे जातं आणि कंत्राटी पोरांचा पीएफ भरला जातो का तेही विचार. ते तुझ्या बजेटमध्ये येत नाही, तरी विचार.

पहिल्या व्हिजिटला जाशील तेव्हा सरपंचांच्या आधी अंगणवाडी ताईंना भेट, आणि शाळेचं लाइट बिल कोण भरतं ते विचारून मला कळव.

तुझा,
बाबा