आधी तुझी तपासणी

चि. अमोल,
अनेक आशीर्वाद.

मूल होत नाही म्हणून पुढच्या आठवड्यात स्नेहलची एचएसजी, म्हणजे गर्भनळ्यांची तपासणी, आहे म्हणालास. तुझी वीर्याची तपासणी झाली का विचारलं, तर "मला काय धाड भरलीय?" म्हणून विषय बदललास. फोनवर हे बोलायला मलाही अवघड, म्हणून लिहितोय.

माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली. बायकांच्या फायली उशीएवढ्या जाड असायच्या. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एएमएच, पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं एफएसएच अशा हार्मोनच्या तपासण्या, सोनोग्राफ्यांची चळत. नवऱ्याचा कागद मात्र एकही नाही! मूल होत नसलेल्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं, कधी एकटं, कधी बायकोच्या जोडीला.

एचएसजीत गर्भाशयात औषध सोडून एक्स-रे काढतात, नळ्या मोकळ्या आहेत का बघायला. काहींना बरंच दुखतं. तुझ्या तपासणीत साधी सुईसुद्धा टोचत नाहीत. तिची तारीख रद्द कर असं नाही, पण त्याआधी तुझा रिपोर्ट डॉक्टरांसमोर ठेव.

नमुना देण्याआधी दोन ते सात दिवस संबंध नकोत. नमुना शक्यतो लॅबमध्येच दे. घरून न्यायचा तर तासाभरात पोचव, डबी शर्टाच्या आत, अंगाच्या उबेत ठेवून. आमच्याकडे एक गृहस्थ भक्तिभावाने बर्फात घालून घेऊन आले होते. सगळं वाया! नमुना घ्यायला साधा निरोध वापरू नकोस. सुरुवातीचा भाग सांडला तर लाजू नकोस, सांग, कारण शुक्राणू त्यातच जास्त असतात.

शुक्राणूंचा आकडा कमी आला तर लगेच खचू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेने (डब्ल्यूएचओ) २०२१ साली मिलीलिटरला १ कोटी ६० लाख ही खालची मर्यादा धरलीय, पण त्याखाली मूल होतच नाही असं नाही. त्यात तुला मागच्या महिन्यात डेंग्यू झालेला. शुक्राणू तयार व्हायला अडीचेक महिने लागतात, त्यामुळे तापाचा परिणाम रिपोर्टात दिसू शकतो. मग तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. डेंग्यूचं डॉक्टरांना आठवणीने सांग. आणि जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन दिलं असेल तर तेही. त्याने शुक्राणू बनणंच बंद पडू शकतं.

तुझी आई त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायचं म्हणतेय. तिच्याशी मी बोलतो. तू लॅबला फोन कर.

तुझे,
बाबा